लावणीतला ताप

परवा रात्री काकीचा फोन आला. "तरवो बरो इलोहा, आयतवारी काढूक घेतलंव, तू येतलंस मा?" (तरवा म्हणजे लावणीची भाताची रोपं, आयतवार म्हणजे रविवार.) येणार म्हटलं, आणि फोन ठेवल्या ठेवल्या आधी कपाटातली डॉक्सीसायक्लिनची, म्हणजे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) तापावरच्या गोळ्यांची, पट्टी काढून एक्सपायरी बघितली. पाऊस लागला की लोक छत्र्या बाहेर काढतात, मी गेली काही वर्षं ही पट्टी काढते. का ते लिहायचं कितीतरी दिवस मनात होतं, आज बसलेच आहे तर सगळंच लिहून टाकते, थोडं लांबेल.

२०२१ चा जुलै. कोरोनाची दुसरी लाट ओसरत होती पण भीती घराघरात बसलेली, कुणी साधं खोकलं तरी समोरचा दोन पावलं मागे व्हायचा. लावणी मात्र कशासाठी थांबत नाही, तरवा जून झाला की संपलं, त्यामुळे मास्क खिशात घालून सगळा गाव शेतात. काका तेव्हा चोपन्न वर्षांचे. खाली सपाटीला पॉवर टिलर फिरतो पण आमचे वरचे दोन कोपरे (कोपरे म्हणजे भाताची खाचरं, घाटावरच्या वाचकांसाठी सांगते) इतके अरुंद की तिथे अजून जोतच लागतं, म्हणजे काका आणि दोन बैल सकाळी सातपासून गुडघाभर चिखलात.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकांच्या अंगात कसर आली. काकी म्हणाली, "भिजान इले, काढो देतंय, सकाळपर्यंत उतरतलो." सकाळी ताप खरंच थोडा उतरला आणि काका परत चिखलात. दुसऱ्या दिवशी थंडी वाजून ताप, डोकं फुटेल असं दुखणं आणि पोटऱ्या. पोटऱ्यांना नुसता हात लावला तरी कळवळायचे, पण लावणीत दिवसभर वाकून कुणाच्या पोटऱ्या दुखत नाहीत? असं सगळ्यांना वाटलं, मलाही वाटलं. डोळे लालभडक झाले, चिपडं नाहीत, पाणी नाही, नुसते लाल, तर कोणीतरी म्हणालं डोळे आले असतील. बाजारपेठेतल्या एका डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि व्हायरल आहे म्हणून सांगितलं. कोरोनाची टेस्ट केली ती निगेटिव्ह आली आणि आम्ही सगळे एकदम मोकळे झालो, कोरोना नाही म्हणजे काही नाही. त्यानंतरचे दोन दिवस आम्ही हातचे घालवले त्याचं मला आजही फार वाईट वाटतं.

तापाच्या पाचव्या दिवशी लघवी कमी झाली, जी झाली ती कोऱ्या चहासारखी, आणि डोळ्यांतला लाल रंग पिवळ्यावर गेला. कावीळ म्हटल्यावर शेजारच्या आजीने कावीळ उतरवणाऱ्याचं नाव सांगितलं, चुन्याच्या पाण्यात हात धुवून घेतात ते, काकी निघायच्या तयारीत होती. तेवढ्यात आशाताई आल्या. त्या घरोघरी तापाचे पेशंट विचारत फिरत होत्या, कोरोनासाठीच. त्यांनी काकांचे डोळे बघितले, पोटरी दाबली, लघवी किती वेळा झाली विचारलं आणि म्हणाल्या, "ह्यो लेप्टो असतलो. आत्ताच्या आत्ता गाडी बघा."

पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र), तिथून ओरोसला सिंधुदुर्गाचं जिल्हा रुग्णालय, तिथून बांबोळी, म्हणजे गोव्याचं मोठं सरकारी रुग्णालय. किडन्या जवळजवळ बंद पडल्या होत्या, तीन वेळा डायलिसिस करावं लागलं. एकोणीस दिवसांनी काका घरी आले, पंचा कमरेला दोन वेढे जास्त बसेल इतके बारीक होऊन.

पण मला लिहायचंय ते ह्या एकोणीस दिवसांत घरी काय झालं त्याबद्दल. आमच्या खळ्यात (अंगणात) कोणी पाय ठेवला नाही. दुधाची बाटली आणणारी शेजारची मुलगी, जी एरवी थेट चुलीपाशी येऊन बसायची, ती गडग्यावर (आवाराच्या दगडी बांधावर) बाटली ठेवून हाक मारून पळायची. काकांची चादर आणि उशी जाळून टाका असं सांगायला एका नातेवाईकाचा मुंबईहून फोन आला. आमची लावणी अर्धी राहिलेली, दरवर्षी आम्ही त्यांच्याकडे जातो ते आमच्याकडे येतात, त्या वर्षी कोणी आलं नाही, बैलांना हात लावायलाही लोक तयार नव्हते. मी त्यांना दोष देत नाही, दीड वर्ष टीव्हीवर आणि फोनच्या कॉलर ट्यूनवर एकच ऐकलेलं, माणसापासून लांब राहा.

आणि तीच माणसं त्याच दिवसांत आमच्या खालच्या अंगाच्या कोपऱ्यांत अनवाणी उभी राहून लावणी करत होती. आमच्या वरच्या कोपऱ्याची मेर (बांध) तोडली की पाणी त्यांच्यात उतरतं, तिथून पुढच्यात, तिथून व्हाळाला, म्हणजे ओढ्याला. काकांना जे झालं ते ज्या पाण्यातून झालं त्याच पाण्यात ते गुडघ्यापर्यंत होते, आणि घाबरत होते कशाला तर बांबोळीला बेडवर पडलेल्या माणसाच्या चादरीला.

लेप्टो एका माणसाकडून दुसऱ्याला जवळजवळ होतच नाही. शेजारी बसा, एका ताटात जेवा, काही होत नाही. तो येतो जनावराच्या मुतातून, स्पष्टच लिहिते, कारण मूत्रविसर्जन वगैरे लिहिलं की कोणाच्या डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. लेप्टोस्पायरा नावाचे हे जंतू, स्क्रूसारखे पीळ असलेले, उंदराच्या किडनीत राहतात. उंदीर आजारी पडत नाही, तो खातो पितो हिंडतो आणि महिनोन्‌महिने लघवीतून जंतू टाकत राहतो. गाई, बैल, कुत्री, डुकरं ह्यांच्यातूनही येतात. कोरड्या मातीत आणि कडक उन्हात ते टिकत नाहीत, पण ओलसर चिखलात, साठलेल्या कोमट पाण्यात आठवडेच्या आठवडे जिवंत राहू शकतात. आता आमचं जुलैचं शेत डोळ्यासमोर आणा. मेरांना उंदरांची बिळं, घुशींची बिळं, गोठ्याचा पाट वाहत येऊन वरच्याच कोपऱ्याला मिळालेला (खत म्हणून मुद्दाम सोडलेला, आजोबांच्या वेळेपासून), वर चार महिने न थांबणारा पाऊस. जंतूला अजून काय पाहिजे.

अंगात शिरायला त्याला जखम लागते, किंवा नुसती पाण्याने मऊ झालेली कातडीही चालते, डोळ्यांतून नाका-तोंडातूनही जातो. लावणी करणाऱ्या माणसाचे पाय ज्याने बघितलेत त्याला वेगळं सांगायला नको. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी फटक होऊन सोलवटलेली, हाताला विळ्याचे नाहीतर पात्याचे कापे. आमच्याकडे रात्री भिरंडेल (कोकमाचं तेल) गरम करून त्या भेगांत भरतात, जीव निवतो त्याने, आणि सकाळी त्याच पायांनी परत चिखलात.

जंतू शिरल्यापासून ताप यायला साधारण पाच ते चौदा दिवस लागतात, कधी महिनाही. म्हणून कुठल्या दिवशी कुठल्या कोपऱ्यात लागण झाली ते कधी कळत नाही. बऱ्याच जणांना नुसता ताप येऊन जातो, लेप्टो होता हे कळतही नाही. पण काहींना चार-पाच दिवसांनी ताप उतरल्यासारखा वाटतो आणि मग कावीळ, किडनी, फुफ्फुसात रक्तस्राव. कावीळ आणि किडनी एकत्र बिघडवणाऱ्या ह्या प्रकाराचं वर्णन १८८६ साली जर्मनीत आडोल्फ वाइल ह्या डॉक्टरांनी केलं, अजूनही त्याला वाइल्स डिसीज म्हणतात, आणि त्यामागचा जंतू जपानमध्ये इनादा आणि इदो ह्या दोघांनी १९१५ च्या सुमारास शोधला, कोळशाच्या खाणीतल्या कामगारांच्या तापावरून. खाणीतही तेच, पाणी, उंदीर आणि उघडे पाय. अंदमानात १९८८ पासून पावसाळ्याच्या मागोमाग रक्ताच्या उलट्या-खोकल्याचा एक ताप यायचा, त्याला बरीच वर्षं अंदमान हेमोरेजिक फीव्हर असं भीतीदायक नाव होतं, शेवटी तोही लेप्टोच निघाला. जगात दरवर्षी सुमारे दहा लाख लोकांना हा होतो आणि ५९ हजारांच्या आसपास दगावतात, असा २०१५ मध्ये छापून आलेला अंदाज आहे. त्यात भातवाले किती असतील ह्याचा मी नेहमी विचार करते.

टेस्टबद्दल एक महत्त्वाचं, कारण त्यात लोक फसतात. नेहमीची जी रक्ताची तपासणी असते ती शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी बघते आणि त्या यायला पाचसात दिवस जातात, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी लेप्टो असू शकतो. प्लेटलेट पण उतरतात म्हणून डेंग्यू समजला जातो. त्यामुळे लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या आणि लाल डोळे असं दिसलं की शहाणे डॉक्टर रिपोर्टची वाट न बघता औषध चालू करतात. औषध साधं आणि स्वस्त, डॉक्सीसायक्लिन, आजार जास्त असेल तर पेनिसिलिन नाहीतर सेफ्ट्रिॲक्सोनची इंजेक्शनं. एवढ्यावर ज्यातून माणूस उठतो त्यासाठी आमच्या काकांना डायलिसिसपर्यंत जावं लागलं, फक्त दिवस गेले म्हणून.

माझी आजी प्लेगची गोष्ट सांगायची, तिने तिच्या आजीकडून ऐकलेली. घरात उंदीर पडला, म्हणजे आढ्यावरून मेलेला उंदीर खाली आला, की त्या दिवशी घर सोडायचं. भांडीकुंडी पोरंबाळं घेऊन गावाबाहेर शेतात झापाची खोपटी घालून राहायचं. लहानपणी मला ते अडाणीपणाचं वाटायचं, आता कळतं की त्यांनी किती अचूक बघितलं होतं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीच्या गोदामांच्या भागात प्लेग सुरू झाला तेव्हा लोक गावाकडे पळाले, आपल्याकडचे चाकरमानी आगबोटींनी आले. सरकारने काय केलं तर माणसं पकडली. स्टेशनांवर, बंदरांवर काखा-जांघा तपासल्या, घरं रिकामी केली, सामान जाळलं, बायकामाणसांची विटंबना झाली त्याचा राग अख्ख्या महाराष्ट्राने धरला. उंदराच्या अंगावरची पिसू प्लेग पसरवते हे पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये कराचीला दाखवलं आणि तरी ते पटायला पुढची कितीतरी वर्षं गेली. आणि आमच्या पणजीच्या सासूला कुणीही न शिकवता माहीत होतं की बघायचं उंदराकडे.

लेप्टोत मात्र हीच खूण नाही. उंदीर पडत नाही. तो धडधाकट असतो आणि पाणीही नितळ दिसतं, त्यामुळे घर सोड, शेत सोड असं सांगणारं समोर काहीच येत नाही. मला वाटतं म्हणूनच आपण पाण्याला भीत नाही, भीतीला काहीतरी दिसायला लागतं, आणि दिसतो तो फक्त आजारी माणूस.

माकडतापाचं बघा. १९५७ साली कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूरच्या जंगलात तो पहिल्यांदा ओळखला गेला म्हणून त्याचं खरं नाव क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात तो २०१६ च्या सुरुवातीला आला, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात, मग सावंतवाडीकडे बांद्याच्या बाजूला. काजूचा हंगाम आणि हा ताप एकाच वेळी, साधारण जानेवारी ते मे. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली पातेऱ्यात (वाळक्या पाल्यात) उतरतात, आणि काजूच्या बागेत बोंडू गोळा करणारी, गोठ्यासाठी पातेरा भरून डोक्यावरून आणणारी बाई त्यातच बसलेली असते. गोचीड इतकी बारीक की चावलेली कळत नाही. हाही माणसाकडून माणसाला होत नाही, आणि तरी ज्या घरात पेशंट निघाला त्या घराची काजूबी कुणी घेईना असं माझ्या दोडामार्गच्या मैत्रिणीने सांगितलं तेव्हा मला आमच्या गडग्यावरची दुधाची बाटली आठवली. बागेत जाताना अंगाला लावायचं तेल सरकारी दवाखान्यातून मिळतं ते लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आल्यावर गरम पाण्याने आंघोळ आणि कपडे उकळत्या पाण्यात, आणि मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा. त्यात पेशंटच्या घराला वाळीत टाकणं कुठेच बसत नाही.

याच्या उलट जो खरंच माणसाकडून माणसाला जातो तो टीबी, त्याचं आपण काय करतो? लपवतो. पोरीचं लग्न मोडेल म्हणून, खानावळ बंद पडेल म्हणून. माणूस बंद खोलीत महिनोन्‌महिने खोकतो, घरातली लहान मुलं त्याच्याच शेजारी झोपतात, आणि औषध मोफत असून उपकेंद्राच्या पायरीवर चढायची लाज वाटते. हा वेगळा आणि मोठा विषय आहे, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

आता गोळीबद्दल. लावणीच्या आधी आशाताई आणि आरोग्यसेवक घरोघरी डॉक्सीसायक्लिन देतात, २०० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा, सहा आठवडे. काका आजारी पडले त्या वर्षीही दिली होती. ती आमच्या देवघराच्या फळीवर तशीच पडून होती, बांबोळीहून आल्यावर मला सापडली. ठरलेलं उत्तर असतं, "ताप नाय, काय नाय, गोळी कित्याक?" आणि "चाळीस वर्सा चिखलात असंय, माका काय झाला?" मी ह्या उत्तराला हसत नाही. चाळीस वर्षं काही झालं नाही हे त्यांचं खरंच आहे, आणि गोळी उपाशीपोटी घेतली की मळमळतं, छातीत जळजळतं, तेवढ्यावर लोक सोडून देतात. जेवून, तांब्याभर पाण्याबरोबर घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, हे कोणी नीट सांगतच नाही. गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना ती देत नाहीत, त्यामुळे आपली पट्टी आपल्या मनाने दुसऱ्याला देऊ नये. आणि गोळी घेतली म्हणजे चिलखत घातलं असंही नाही. अंदमानात ह्यावर अभ्यास झाला होता, त्यात गोळीने जंतूचं शिरणं थांबलं नाही पण आजार होणाऱ्यांचं प्रमाण कमी झालं. मला तेवढं पुष्कळ वाटतं.

गमबूट घाला असं प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असतं. ज्यांनी ते लिहिलं त्यांनी एकदा चिखलणी झालेल्या कोपऱ्यात गमबूट घालून दहा पावलं चालून बघावं ही माझी मनापासून विनंती आहे. बूट रुततो, वरून पाणी भरतं, पाय वर येतो आणि बूट तिथेच राहतो. गोठा धुताना, पाट साफ करताना बूट ठीक, लावणीत नाही. आमच्या घरी जे जमलं ते सांगते. गोठ्याचा पाट काकांनी कोपऱ्यापासून तोडून खताच्या खड्ड्यात वळवला. लावणीच्या आधी मेरांची बिळं फोडून बुजवतो. ज्याच्या पायाला चिखल्या झाल्यात किंवा हात कापलाय त्याने त्या दिवशी चिखलात उतरायचं नाही, त्याने वर तरव्याच्या मुठी बांधायच्या नाहीतर जेवणाचं बघायचं, ह्याला काका सगळ्यात कडक आहेत. बारीकसारीक काप्यावर पट्टी. आणि शेतातून आल्या आल्या, चहाच्याही आधी, गुडघ्यापासून खाली साबणाने धुवायचं, विहिरीवर साबणाची वडी टांगलेलीच असते.

गेल्या वर्षी लावणीच्या शेवटच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमाराला खळ्यात कोणीतरी येऊन उभं राहिलं. बघते तर गडग्यावर दूध ठेवून पळणाऱ्या त्या मुलीचे वडील. डोक्यावर घोंगडी, अंगात कुडकुडी. आत यायला लाजत होते. काकांना म्हणाले, "माजी पोटरी वायच दाबून बघ." काकांनी दाबली. ते ओरडले. काकांनी काही न बोलता शर्ट घातला आणि मोटरसायकल काढली. पीएचसीत दुसऱ्याच दिवसाचा ताप होता म्हणून लगेच औषध चालू झालं, रिपोर्ट मागाहून आला. पाचव्या दिवशी ते घरी चालत आले.

ती मुलगी आता बारावीला आहे, पुन्हा थेट चुलीपाशी येऊन बसते. आयतवारी आमच्या तरव्याला ती, तिचे वडील आणि वाडीतली अजून सात-आठ माणसं आहेत. आशाताईंनी शनिवारी गोळ्या आणून देते म्हटलंय, काकी त्या सगळ्यांना न्याहारीची भाकरी खाल्ल्यावर स्वतःसमोर गिळायला लावणार आहे. फोन ठेवता ठेवता मला म्हणाली, "साबण हय गावता, तू बँडेजपट्टी घेवन ये. रुंद बघ, बारकी पाण्यात ऱ्हवना नाय."